काजळीवरची रेघ

कपाटावरून कोण खाकरलं म्हणून इकडेतिकडे बघू नका. मीच तो, शिवणाच्या डब्याशेजारचा पितळी म्हातारा. बॅरोग्राफ म्हणतात मला. नाव भारदस्त आहे, काम कारकुनाचं. विमान किती उंच गेलं आणि किती वेळ वर राहिलं, हे मी लिहून ठेवतो. माझ्या पोटात हवा काढून घेतलेल्या दोन चपट्या डब्या आहेत. विमान वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते, डब्या फुगतात आणि त्यांना जोडलेली सुई सरकते. सुईपुढे घड्याळाच्या चावीवर फिरणारा ढोल असतो. त्याच्यावर पातळ पत्रा आणि पत्र्यावर धुराची काजळी धरलेली. सुई काजळी खरवडत जाते आणि मागे पांढरी रेघ उमटते.

माझं शिक्षण एवढंच, एक रेघ. वर जाते, खाली येते. या घरचा यजमान विनय, त्याने डॉक्टर व्हायला दोनशे चाळीस पानं खर्ची घातली, आणि त्यातही मोठ्या भागात रेघाच होत्या. मी स्वतः बघितल्यात. पण त्याला इथे जर्मनीत सगळे हेर डॉक्टर, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणतात आणि मला म्हणतात "ते जुनं काहीतरी".

माझा जन्म बर्लिनचा, पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. युद्ध संपलं तेव्हा मी पूर्वेकडच्या एका विमानतळाच्या कोठारात पडून होतो. एक दिवस पोलिश लोक बंदुका घेऊन आले आणि कोठारासकट विमानतळ घेऊन बसले. सकाळी जर्मन उठलो होतो, संध्याकाळी पोलिश झोपलो. बघा, किती सोपं! विनयला इथे नुसत्या आनमेल्डुंगसाठी, म्हणजे मी अमुक घरात राहतो एवढं सरकारला कळवण्यासाठी, चार खेपा घालाव्या लागल्या होत्या.

मग रेजिमेंट उभी राहिली. तिचा नंबर मी सांगणार नाही. सांगितला तर जे चार म्हातारे अजून जिवंत आहेत ते दुसऱ्या नंबरच्या चार म्हाताऱ्यांशी पत्रातून भांडत बसतील. सुरुवातीची आमची विमानं म्हणजे काय वर्णावं! जर्मनांचं धड, फ्रेंचांचं इंजिन, इटलीची चाकं, आणि शेपटी कुणाची ते शेपटीलाच ठाऊक. धावपट्टीवर मेंढ्या चरायच्या. विमान उतरायच्या आधी एक शिपाई काठी घेऊन मेंढ्या हाकायला धावायचा, आणि कधीकधी मेंढ्याच त्याला हाकायच्या. वर्षातून एकदा रेजिमेंटचा दिवस असे. त्या दिवशी पाद्री पाणी शिंपडायचा, सगळे वाटाण्याचं सूप ओरपायचे आणि गेल्या वर्षी पडून मेलेल्यांची नावं वाचली जायची. पहिल्या दहा वर्षांत शत्रूने आमचा एकही माणूस मारला नाही. ते काम आमची विमानंच उरकत होती.

या सगळ्यात माझी मजा होती. वैमानिक म्हणजे थापाड्यांची जात. मेसमध्ये बसून हे पाच हजार मीटरवर गेलेले असायचे, आणि माझी रेघ सांगायची साडेतीन हजार. एक मिशाळ मेजर तर ढगांच्या वर जाऊन सूर्यास्त पाहिल्याचं रडवेल्या सुरात सांगत होता. माझा पत्रा आला आणि कळलं की हा पूर्ण वेळ चर्चच्या शिखराच्या थोडा वर घिरट्या घालत होता. चर्चमागे एक विधवा राहायची. माझं हसू मी चावीच्या टिकटिकीत लपवत असे.

रेघेला मान होता, पण त्याची एक रीत होती. विमान उतरलं की मेकॅनिक मला काढून ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायचा. अधिकारी विचारायचा, "ही रेघ याच उड्डाणाची?" मेकॅनिक टाच आपटून म्हणायचा, "याच उड्डाणाची!" मग अधिकारी एका टोकदार सुईने काजळीतच सही कोरायचा आणि त्यानंतर पत्रा लाखेच्या पाण्यात बुडवायचे. लाख वाळली की काजळी पक्की. आधी सही, मग लाख, कारण लाखेवर सही कोरता येत नाही. असा पत्रा रेजिमेंटच्या इतिहासाच्या वहीत चिकटायचा. सही नसेल तर तो नुसता काळा पत्रा, फुंकर मारली तरी बिघडणारा.

या रीतीचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे कॉर्पोरल इग्नात्सी. कान सुपाएवढे, हात सोनाराचे, आणि डोक्यात नियमांशिवाय दुसरं काही नाही. मी त्याचीही थट्टा करायचो, मुद्दाम चावी अडकवायचो. तो मला शिव्या घालायचा आणि मग हळूच तेल द्यायचा. तेरा वर्षं आमचं असंच चाललं.

शेवटच्या तीन वर्षांत आमच्यात झेनोन आला. लेफ्टनंट, पिवळ्या मिशा, आणि थापा अशा की आधीचे सगळे त्याच्यापुढे शाळकरी वाटावेत. नव्या लढाऊ विमानातून आपण आठ हजार मीटर गाठतो असं तो म्हणे. पैज लागली. रेघ आठ हजाराला टेकली नाही तर त्याने मिशी उतरवायची. एकोणचाळीसच्या ऑगस्ट अखेरीस हुकूम निघाला की झेनोनच्या विमानात बॅरोग्राफ बसवावा. इग्नात्सीने मला सीटमागे घट्ट बांधलं. दुसऱ्या दिवशी युद्ध सुरू झालं.

युद्धात कुणी बॅरोग्राफ नेत नाही. पण हुकूम रद्द झाला नव्हता ना! इग्नात्सी रोज पहाटे माझी चावी द्यायचा, नवा पत्रा चढवायचा, पत्र्याच्या कडेला तारीख आणि विमानाचा आकडा कोरायचा. झेनोन ओरडायचा, "अरे, त्या डब्याऐवजी मला सँडविच बांध!" इग्नात्सी म्हणायचा, "सँडविचचा हुकूम नाही."

इथे जर्मनीत आजही लोक छातीठोक सांगतात की पोलिश विमानं पहिल्याच सकाळी जमिनीवर जळाली. आमची तर नाहीच जळाली. आम्ही आधीच निघून एका बटाट्याच्या शेताकडेला लपलो होतो आणि पाच दिवस रोज उडत होतो. त्या पाच दिवसांचे पत्रे सहीवाचून एका ट्रकमध्ये पडले आणि ट्रक पुढे कुठेतरी जळाला.

सहाव्या दिवशी झेनोन एकटा वर गेला. तो वर असतानाच खाली हुकूम आला की शत्रू जवळ आलाय, शेत सोडा. सगळे निघाले. पेट्रोलचा एक पिंप घेऊन झेनोनची वाट बघायला इग्नात्सी तेवढा थांबला.

वर काय झालं ते मला एकट्याला माहीत आहे. सात हजार दोनशे मीटर, म्हणजे मिशी गेलीच होती. मग एकदम खाली, मग वर, पुन्हा खाली, करवतीच्या दातांसारखं. मग एक लांब, वाकडा, दमलेला उतार. एक तास अकरा मिनिटं. उडालो त्याच शेतात उतरलो. झेनोनच्या पोटात दोन गोळ्या होत्या.

इग्नात्सीने आधी त्याला उतरवून गवतावर निजवलं. माझी सुई वर उचलायची तो विसरला. जन्मात तेवढाच एक नियम त्याने मोडला. त्यामुळे मी लिहीतच राहिलो. जमिनीच्या उंचीला, सरळ, एकतीस मिनिटं. एकतिसाव्या मिनिटाला इग्नात्सी परत आला आणि त्याने सुई उचलली.

झेनोनला त्याने शेताच्या कडेला पुरलं, विमान हुकुमाप्रमाणे पेटवलं आणि मला कोटाखाली घेऊन चालू लागला. चौथ्या दिवशी पकडला गेला. जर्मन सार्जंटने माझ्यावरची बर्लिनची पट्टी वाचली आणि खूश झाला, "अरे, हा तर आपलाच!" मी काही कैदी नव्हतो, घरी परतलेला मुलगा होतो. कैदी होता तो इग्नात्सी. उपकरणांचा कारागीर म्हणून त्याला ब्राउनश्वाइगजवळच्या एका वर्कशॉपात जुंपलं, आणि नशिबाने मीही त्याच कोठारात पोचलो. आतली रेघ जपायला त्याने मला मागच्या फळीवर ठेवून चिठ्ठी लावली, "दुरुस्ती बाकी. हात लावू नये." दर महिन्याला नवी चिठ्ठी. साडेपाच वर्षं! जर्मन माणूस बॉम्बला घाबरला नाही, पण चिठ्ठीला घाबरला.

युद्ध संपलं. इग्नात्सीचं गाव नकाशावरून दुसऱ्याच देशात सरकलं होतं. तो इथेच राहिला आणि पुढे विमानविद्येच्या एका संस्थेत वर्कशॉपात लागला. पोलंडला त्याने झेनोनच्या कबरीसाठी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

साठ साली म्युनिकहून एक पत्र आलं. कॅप्टन गोझ्दावा, आमच्या रेजिमेंटचे जुने ॲड्ज्युटंट, म्हणजे हुकूम-कागद बघणारे अधिकारी, जिवंत होते आणि इतिहास लिहीत होते. वीस वर्षांचा, मेंढ्यांपासून शेवटच्या दिवसापर्यंतचा. शेवटी तीन याद्या होत्या. पहिली लढताना पडलेल्यांची, दुसरी कैदेत गेलेल्यांची. तिसरीवर लिहिलं होतं, "निघाले, पुढे ठाऊक नाही." सभ्य भाषेत याचा अर्थ, हुकुमाआधीच विमान घेऊन शेजारच्या देशात सटकलेले. झेनोनचं नाव तिसरीत होतं.

इग्नात्सीने लिहिलं, मी त्याला पुरलंय. कॅप्टननी उत्तर दिलं, "तुझं त्याच्यावर प्रेम होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पुरावा आहे का?" आहे, इग्नात्सीने लिहिलं. पत्रा आहे. सही नाही, कारण मी कॉर्पोरल. तुम्ही या, बघा, सही करा, मग लाख लावू. वाचणाऱ्याला हसू येईल, बावीस वर्षं काजळी तशीच उघडी ठेवली! अहो, लाख लावून टाकायची होती ना कधीच! पण सहीआधी लाख लावली असती तर तो इग्नात्सी कसला? कॅप्टननी कळवलं, एकसष्टच्या ऑक्टोबरात, शनिवारी, छपाईला द्यायच्या आधी येतो.

आता मराठी मंडळी येतात. विनय त्याच संस्थेत डॉक्टरेट करत होता. वर्कशॉपात त्याच्या उपकरणांचं सगळं इग्नात्सीच बघायचा. त्याच्या सहा महिने आधी विनयची बायको वसुधा सांगलीहून आली, तेव्हापासून इग्नात्सी दर रविवारी त्यांच्याकडे चहाला. ती त्याला आजोबा म्हणायची आणि त्यालाही तेवढा एक शब्द यायचा. स्वतःकडे बोट दाखवून म्हणायचा, "आजोबा, या?" जर्मनमध्ये या म्हणजे हो. आणि दोघं हसायची. मग तो विनयला जर्मनमध्ये झेनोनची गोष्ट सांगायचा. दर रविवारी तीच गोष्ट, हातवाऱ्यांसह.

"काय म्हणतायत हो आजोबा?" वसुधा विचारायची. तिला जर्मन अजून येत नव्हतं.

"विमानाचं काहीतरी. युद्धातलं."

"आणि ते झेनोन झेनोन काय?"

"कुणी मित्र होता त्यांचा. अगं पोहे आण आधी, गार होतायत."

झालं एवढंच भाषांतर. डॉक्टर होणाऱ्या माणसाने!

त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी इग्नात्सीच्या छातीचा खोकला वाढला आणि त्याला हॉस्पिटलात नेलं. वर्कशॉपला रंग देत होते, तिथे मला ठेवायचा त्याला धीर होईना. मला विनयच्या हातात देऊन म्हणाला, "शनिवारपर्यंत. काचेच्या आत बोट घालायचं नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, विनय म्हणाला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "हे आजोबांचं आहे. फार जपतात ते याला. नीट सांभाळ." आणि गेला पळत, लॅबमध्ये.

बुधवारी खंडेनवमी होती. वसुधाचे वडील सांगलीला छापखान्यात मशीनवर होते. छापखान्यात खंडेनवमीला काय होतं ठाऊक आहे? सगळं काम बंद. रुळांवरची शाई रॉकेलने धुऊन काढायची, काळा ठिपका ठेवायचा नाही, मग हार, हळदकुंकू, नारळ. ती लहानपणी वडिलांबरोबर रूळ पुसायला बसायची. तिच्या लेखी शाई राहिलेलं यंत्र देवापुढे ठेवणं म्हणजे पारोशाने पूजेला बसणं.

त्या दिवशी तिने टेबलावर कापड अंथरलं. विनयची स्लाइड रूल, कंपासपेटी, कात्री, सुरी, सायकलचा पंप असं सगळं मांडलं. आणि मधोमध मला ठेवलं, मान म्हणून! मग काच उघडली. आत ढोल, काळाकुट्ट, अगदी न धुतलेल्या रुळासारखा.

मी ओरडलो. तुम्हाला मस्करी वाटेल, पण डब्या फुगवून, चावी करकरवून, जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडलो. ती म्हणाली, "कुरकुरतंय बिचारं, तेल पण नाही घातलं कुणी." आणि स्पिरिटचा बोळा घेतला.

संध्याकाळी विनय आला, बरोबर श्यामकांत नावाचा त्याचा दोस्त. मी आरशासारखा चमकत होतो, कपाळावर हळदकुंकू, डोक्यावर शेजारणीच्या बागेतला झेंडू.

"वा वहिनी," श्यामकांत म्हणाला, "स्लाइड रूलला कुंकू लावलंत! आता तरी याची उत्तरं बरोबर येतील."

विनय माझ्याकडे बघत होता. "हे कुणी पुसलं?"

"मी. किती काळं झालं होतं अहो, बोटाला लागत होतं. स्पिरिटने पटकन निघालं."

"त्याच्यावर रेघ होती, वसुधा."

"होती ना, मोठा ओरखडा होता. मी उजेडात धरून बघितलं, पत्र्यात गेला नव्हता. नशीब!"

विनय खुर्चीवर बसला. श्यामकांत काही न विचारता घरी गेला. मग विनयने बायकोला गोष्ट सांगितली, पहिल्यांदा, पूर्ण. शेत, पिंप, एकतीस मिनिटं, तीन याद्या. ती उभ्याने ऐकत होती, हातात आरतीचं तबक.

"हे तुम्ही मला सहा महिन्यांत एकदाही सांगितलं नाहीत?" ती म्हणाली.

दसऱ्याच्या दिवशी दोघं मला घेऊन हॉस्पिटलात गेली. इग्नात्सीने काच उघडली. बराच वेळ बघितलं. मग कुंकवाला बोट लावून विचारलं, "हे लाल काय?"

विनयने सांगितलं, आमच्याकडे या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. आधी स्वच्छ करतात.

"पूजा," इग्नात्सी म्हणाला. "आमच्याकडे याला लाथा मिळाल्या." वसुधा पलंगाच्या पायाशी रडत होती. त्याने हात लांब करून तिच्या डोक्यावर थोपटलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

विनयच बोलला. त्याला सुचायला नको होतं, पण सुचलं. संस्थेत एक टाकी होती. तिच्यात बॅरोग्राफ ठेवून हवा काढत गेलं की बॅरोग्राफला वाटतं आपण वर चाललोय. माझ्यासारख्यांना तपासायची टाकी ती, आणि ती चालवायचा इग्नात्सीच. "आजोबा, तुम्हाला रेघ पाठ आहे ना? पुन्हा काढू. खोटं कुठे आहे त्यात? जे झालं तेच तर आहे."

 शुक्रवारी सकाळी इग्नात्सी डॉक्टरांशी भांडून, सही देऊन बाहेर पडला.

काजळी धरायला कापूर लागतो. आमच्या रेजिमेंटमध्येही कापूरच जाळायचे. वसुधाने देवाच्या डब्यातल्या सगळ्या वड्या काढून दिल्या. दुपारी वर्कशॉपातली माणसं जेवायला गेली तेव्हा इग्नात्सीने ढोल धुरावर फिरवून काळा केला, कडेला तारीख आणि आकडा कोरला आणि मला टाकीत ठेवलं.

मी जन्माचा खोडकर. अख्ख्या जगाला फसवायची अशी संधी! हसू यायला हवं होतं. पण इग्नात्सीच्या हाताखाली टाकीतली हवा कमी होऊ लागली आणि मी चढू लागलो, तसाच, त्याच वेगाने. सात हजार दोनशेवर त्याने पंप थांबवला आणि झडप उघडली. खाली, वर, खाली. त्याचे ओठ हलत होते. घड्याळाकडे तो बघतही नव्हता. एक तास अकरा मिनिटांनी मी जमिनीवर होतो.

"झालं," विनय म्हणाला. "काढतो."

"नको. अजून एकतीस मिनिटं."

विनय स्टुलावर बसला.  माणसं जेवून परत आली, त्यांना वाटलं तपासणी चालू आहे. इग्नात्सी टाकीच्या काचेला कपाळ टेकवून उभा होता. शेवटी त्याने स्वतः दार उघडलं आणि सुई उचलली.

शनिवारी कॅप्टन गोझ्दावा विनयच्या घरी आले. उंच, वाळलेले, हॅट हातात. वसुधाने चहा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. मग भिंग काढून माझ्यावर वाकले. हळूहळू त्यांचा चेहरा सैलावला.

"असाच चढायचा गाढव," ते पोलिशमध्ये म्हणाले. "सात हजार दोनशे! मिशी गेली असती त्याची." त्यांनी ती सरळ रेघही बघितली आणि काही विचारलं नाही. समजले असावेत. खिशातून सुई काढली. सुई काजळीच्या अगदी जवळ आणली. मग त्यांची पाठ ताठ झाली, वीस वर्षांपूर्वीसारखी.

"ही रेघ याच उड्डाणाची?"

दोन शब्द होते हो! हजारदा म्हटलेले. इग्नात्सीने टाचा जुळवल्या. तोंड उघडलं.

"इग्नात्सी? ही रेघ याच उड्डाणाची?"

"रेघ अशीच होती," इग्नात्सी म्हणाला.

"मी ते विचारलं नाही."

 कॅप्टननी सुई खाली ठेवली.

भाषा कळत नसली तरी काय झालं ते वसुधाला कळलं. ती पुढे आली आणि सहा महिन्यांत जमलेलं सगळं जर्मन गोळा करून म्हणाली, "मी. मी पुसलं. ती होती. मी पुसलं!" आणि हाताने पुसून दाखवू लागली, पुन्हा पुन्हा.

कॅप्टन उठले, तिच्यापुढे वाकले आणि म्हणाले, "ग्नेडिगे फ्राऊ, बाईसाहेब, तुमचं मन फार मोठं आहे." म्हणजे, म्हाताऱ्याची अब्रू वाचवायला तुम्ही खोटं बोलताय. विनयने सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. खंडेनवमी, छापखाना, स्पिरिट. जितकं सांगत गेला तितकी ती गोष्ट रचलेली वाटत गेली. मला जरी ती कुणी सांगितली असती तरी मी हसलो असतो.

दारात कॅप्टन थांबले. "इग्नात्सी, हे करायला नको होतंस. तू नुसतं सांगितलं असतंस, तर तुझ्या शब्दावर मी कदाचित…" त्यांनी हॅट घातली.

ते गेल्यावर इग्नात्सीने अंगठ्याने ढोल पुसला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. काळा झालेला अंगठा बघत बसला.

एप्रिलमध्ये पुस्तक आलं. जाड, छान बांधलेलं. मेंढ्या होत्या, वाटाण्याचं सूप होतं, मिशाळ मेजरचा फोटो होता. तिसऱ्या यादीत शेवटून दुसरं नाव झेनोनचं. इग्नात्सीने ते पान वाचलं आणि पुस्तक विनयकडे ठेवून गेला. त्यानंतरही तो रविवारी यायचा. वसुधाला आता जर्मन बरं येऊ लागलं होतं, ती मुद्दाम विचारायची, "आजोबा, ते शेतातलं सांगा ना." तो म्हणायचा, "आल्झो, असो, आज थंडी फार आहे."

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात छातीने त्याला पुन्हा हॉस्पिटलात नेलं, या वेळी परत न पाठवण्यासाठी. विनय मला घेऊन गेला होता, त्याला बरं वाटेल म्हणून. इग्नात्सीने माझ्याकडे बघितलं नाही. विनयचा हात धरून म्हणाला, "खरं सांग. टाकीत काढली ती रेघ मला दिसते. दात, उतार, सगळं. तिच्यामागची दिसत नाही. आधीची होती ना रे?"

विनयने आधीची कधी धड बघितलीच नव्हती. काचेबाहेरून, येताजाता. "हो, आजोबा," तो म्हणाला. "होती."

इग्नात्सीला थाप ओळखता येत होती. तेरा वर्षं वैमानिकांच्यात काढली होती त्याने. मान हलवून त्याने हात सोडला. दोन दिवसांनी गेला.

आता आम्ही न्युरेम्बर्गला आहोत. विनयला कारखान्यात मोठी नोकरी आहे. सुलेखा नावाची चार वर्षांची कार्टी आहे, तिला मराठीत विचारलेलं सगळं समजतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये फेकते. परवा तिने माझ्याकडे बोट करून विचारलं, "पापा, वास इस्ट दास?" म्हणजे, हे काय आहे?

विनयने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आत भांडी वाजत होती, ती थांबली. "हवेचा दाब मोजायचं यंत्र आहे," तो म्हणाला. "जुनं आहे. चल, बूट घाल." मग भांडी पुन्हा वाजू लागली.

झेनोनचं नाव या घरात कुणी घेत नाही. आजोबांचं घेतात, त्याचं नाही. आणि मी सांगून उपयोग काय? जन्मभर थट्टा केली, आणि एकदाच खोटी रेघ काढली ती नेमकी त्याचीच. पण तुम्ही इथवर ऐकलंत, म्हणून मागतो. झेनोन वर गेला होता. एक तास अकरा मिनिटं. परत आला होता. हे एकदा मोठ्याने म्हणा, तुमच्या घरी जाऊन म्हणा. इथे नको. वसुधा आत पोळ्या करतेय, तिला ऐकू जाईल.